धान्याची खोली

अहमदपूर
९ जून २०२५

मनस्विनी,

वर चि. सौ. लिहायला हात गेला आणि थांबला. सौ. लिहावं तर खोटं. नुसतं चि. लिहावं तर तू म्हणशील, आता कुठलं नातं दाखवून राहिली ही बाई. श्रीमती तर माझ्याच्यानं लिहवेना. शेवटी नुसतं नाव लिहिलं. एवढ्यात एक कागद खराब झाला.

फोन तू उचलत नाहीस. पहिले कट तरी करायचीस, आता नुसता वाजत राहतो. राग नाही माझा. तुझ्या जागी मी असते तर मीही उचलला नसता. पण पत्राचं बरं असतं, पोस्टमन दारातून टाकून जातो, ते कट होत नाही.

काम आहे म्हणून लिहून राहिले. ख्यालीखुशालीचं पत्र नाही हे, आधीच सांगते. घर बांधायला घेतलेला धम्मानंद गुत्तेदार सारखा दारात येऊन उभा राहतो आणि म्हणतो, "बाई, नकाशा द्या. न्हाई तर मी दुसरं काम धरतो." शाळा सोडून मला इतकी वर्षं झाली तरी गाव अजून बाईच म्हणतं. नकाशा कुठला देऊ त्याला? तू काढलेला कपाटावर गुंडाळून ठेवलाय. पण तो सपाट जागेचा आहे, आणि सपाट जागा आता आपल्याकडं नाही.

तुला सगळं माहीत आहे. तरी मला एकदा सरळ ओळीत लिहून बघायचंय, कारण बोलायला गेले की माझी गाडी मधेच बंद पडते. गेल्या वर्षी जानेवारीत तू आणि शिवशंकर माळावर घरासाठी चुन्याची फक्की मारून आलात. सगळा माळ उताराचा, मुरमाड. मधे एकच सपाट तुकडा, त्यावर तुम्ही खोल्या आखल्या. घरी आल्यावर शिवशंकरच्या चपलांची पांढरी पावलं फरशीवर उमटली आणि मी ओरडले, की आत्ताच पुसलंय रे बाबा. त्याच आठवड्यात लातूरहून पंपाचं सामान घेऊन येताना तो उसाच्या ट्रॉलीला मागून धडकला. गेलं माझं पोरगं. लिहायला एक ओळ लागली.

आपल्यात अग्नी देत नाहीत, बसवून माती देतात, आपल्याच जिमिनीत. उदगीरहून वीरण्णा भावजी माणसं घेऊन परस्पर माळावर गेले, खड्डा खोदायला. तिथं त्यांना फक्कीचे चौकोन दिसले. पाऊलवाटेनं लोकांच्या येण्याजाण्यानं बाकीच्या रेघा पुसल्या होत्या, एक चौकोन धड राहिला होता. त्यांना वाटलं, घरच्यांनी जागा आखून ठेवलीय. तरी त्या बिचाऱ्यानं शिवशंकरच्या अप्पांना फोन करून विचारलं, "दादा, खूण केल्याली तीच जागा न्हवं?" अप्पा म्हणले, "हाव." त्या दिवशी अप्पा सगळ्यालाच हाव म्हणून राहिले होते. पाणी पिता का, हाव. स्वामी आले, हाव. महादेवप्पा, खरंच गेलं का हो पोरगं, हाव.

तो चौकोन तुझ्या स्वयंपाकघराचा होता.

तिसऱ्या दिवशी चहाचा कप खाली ठेवून म्हणलीस, "अव्वा, तुम्ही त्याला माझ्या स्वयंपाकघरात पुरलंत." मग तुझे वडील आले आणि तू त्यांच्या गाडीत बसून नांदेडला गेलीस. तुमच्याकडं अग्नी देतात, राख नदीत सोडतात, माणूस हातातून सुटतो तरी. इथं तो बसलेला आहे. मला कळतं ते.

आता तू म्हणशील, पोरगं नाही, सून नाही, तर म्हातारा-म्हातारीला घर कशाला पाहिजे. दुकानावरच्या या भाड्याच्या खोल्या काय वाईट आहेत? मला काहीच वाईट नाही. पण अप्पा सकाळी न्याहारी झाली की माळावर जातात आणि दिवस मावळेपर्यंत समाधीपाशी बसतात. उन्हाळाभर बसले. डोक्याची कातडी सोलून निघाली, तरी टोपी घालत नाहीत. घरी चला म्हणलं तर हाव म्हणतात आणि बसून राहतात. ते घरी येत नाहीत तर घरालाच तिकडं न्यावं लागणार, दुसरं काय?

तर नवा नकाशा काढून दे. उतारावर घर कसं बसवतात ते मला कळत नाही, तुला कळतं.

शिवशंकरची अव्वा,
शिवम्मा

अहमदपूर
२ जुलै २०२५

मनस्विनी,

उत्तर नाही आलं. बरं.

मीच काढला नकाशा. पोरांना महाराष्ट्राचा नकाशा काढायला शिकवलेली बाई आहे मी, मला चार खोल्या निघणार नाहीत? आलेख कागद आणला, पट्टी घेतली. कागदावर सगळं झकास आलं. मग माळावर दोरी घेऊन गेले आणि सगळा विचका झाला. अगं, कागदाला उतार नसतो ना! बैठकीची दोरी ताणली तर देवघर तिच्या खाली घसरलं, देवघर वर ओढलं तर न्हाणी आभाळात गेली. तांब्याभर पाणी ओतून बघितलं, ते थांबायचं नावच घेईना, सरळ खाली पळालं.

दोरीचं दुसरं टोक अप्पांच्या हातात दिलं होतं. "घट्ट धरा." "हाव." धरलं त्यांनी. मी माझ्याकडची दोरी गुंडाळली, पिशवीत घातली, पाणी प्याले, खाली रस्त्याला जाऊन ऑटो बघून आले, तरी हे आपले मूठ आवळून तिथंच उभे. मुठीत दोरीचा तुकडा. मी मूठ उघडली तेव्हा कुठं सोडली.

मला रडू येत नाही, मनस्विनी. लोकांना वाटतं बाई खंबीर आहे. सरजाबाई शेजारीण तर मला दुसऱ्या बायकांपुढं उभी करून दाखवते, शिका म्हणते हिच्याकडनं. कसली खंबीर? भाजीत मीठ आहे का नाही तेसुद्धा मला कळत नाही आता.

नकाशा सोबत पाठवलाय, बघ जमलं तर. घर मी समाधीच्या वरच्या अंगाला घेतलंय, म्हणजे ओसरीत बसलं की तो खाली समोर दिसेल. बैठक, देवघर, आमची खोली, स्वयंपाकघर, न्हाणी. आणि स्वयंपाकघराला लागून एक जास्तीची खोली काढलीय, धान्याची. ज्वारी ठेवायला, हरभरा ठेवायला. तिला पूर्वेची खिडकी दिलीय आणि खिडकीशी एक टेबल मावेल एवढी जागा ठेवलीय. धान्याच्या खोलीला खिडकी कशाला म्हणून विचारू नको. धान्याला हवा लागते.

शिवम्मा

अहमदपूर
२१ जुलै २०२५

मनस्विनी,

लिफाफा आला. आत चिठ्ठी असेल म्हणून उलटा करून झटकला, लिफाफ्यात फुंकर मारून पाहिलं. काही नाही. माझाच नकाशा परत, लाल पेन्सिलीनं भरलेला.

शिव शिव! जन्मभर मी पोरांच्या वह्या लाल केल्या, आणि आज माझी वही लाल होऊन आली. धम्मानंदला दाखवला तर तो हसायला लागला, "बाई, तुमी तर नापास झाल्या." मी म्हणलं, तुला मी तिसरीत पास केलंय ते विसरू नको.

तू पायऱ्यांपाशी 'उंच' लिहिलंस, बरोबर आहे, माझे गुडघे कुरकुरतात. देवघरापाशी 'भराव किती?' लिहिलंस, ते मला कळलं नाही, धम्मानंदला कळलं. धान्याच्या खोलीपाशी लिहिलंस, 'हिला खिडकी का?' विचारू नको म्हणलं होतं ना?

आणि मधोमध एवढं मोठं लिहिलंस, 'पाणी कुठे जाणार?' खाली रेघ, परत रेघ. मी चहा घेता घेता ते वाचलं आणि मनात म्हणलं, जाईल की उतारानं खाली, पाणी दुसरीकडं कुठं जातं? मग खाली काय आहे ते आठवलं. न्हाणीचं पाणी, खरकटं पाणी, सगळं वरच्या घरातून निघून त्याच्यावर गेलं असतं. रोजच्या रोज. मी त्याची आई आहे आणि हे मला सुचलं नाही. तुला सुचलं.

तुझं अक्षर शिवशंकरच्या डायरीत बघितलं होतं, त्यापेक्षा आता बारीक झालंय. जेवतेस का नीट?

घर वर नको, एवढं मला कळलं. पण मग कुठं? खालच्या अंगाला तर शेळ्यासुद्धा जपून उतरतात.

शिवम्मा

अहमदपूर
४ ऑगस्ट २०२५

मनस्विनी,

काल दणकून पाऊस झाला. थांबायच्या आत छत्री घेऊन माळावर गेले, पाणी कुठं जातं ते बघायला. तू विचारलं होतंस म्हणून सांगते. वरून येतं, सपाटीवर जरा दम खातं, मग समाधीला उजवीकडून वळसा घालून जुन्या बोरीकडं उतरतं. डावीकडचा सगळा उतार कोरडा राहतो.

अप्पा भिजत होते. हातात खोरं होतं आणि समाधीच्या वरच्या बाजूला आडवा चर काढून राहिले होते, पाणी तिच्यावर येऊ नये म्हणून. चांगला ढाळ काढून, रेघ मारल्यासारखा. शेतात सुद्धा त्यांनी कधी असा सरळ चर काढला नाही. मी विचारलं, "हे कोणी सांगितलं?" म्हणले, "हाव." मी म्हणलं, "अहो, कोणी सांगितलं विचारून राहिले." म्हणले, "हाव."

मी पण छत्री ठेवली आणि हातानं माती ओढायला लागले.

शिवम्मा

अहमदपूर
१२ सप्टेंबर २०२५

मनस्विनी,

तुझा नकाशा पोचला. खराखुरा, शाईचा. या वेळीही चिठ्ठी नाही. असू दे, नकाशाच चांगला बोलतो तुझा.

धम्मानंदनं तो जमिनीवर पसरला, चार कोपऱ्यांवर माझ्या खलबत्त्यापासून जे मिळेल ते ठेवलं, आणि मला समजावून सांगितलं. डावीकडच्या कोरड्या उतारावर घर. सपाट करायचं नाही, उताराबरोबरच उतरायचं. वरच्या पायरीवर स्वयंपाकघर, त्याच्या खाली बैठक आणि देवघर, त्याच्या खाली आमची खोली आणि न्हाणी. दोन-दोनच पायऱ्या, त्याही ठेंगण्या, बाजूला धरायला लोखंडी दांडी. माती धरून ठेवायला मागं दगडी भिंत. सगळं सांडपाणी खालच्या खाली, समाधीकडं एक थेंब जात नाही. "बाई, ह्याला म्हणत्यात नकाशा," म्हणला मेला.

मला वाटलं होतं, समाधीच्या बाजूला तू बंद भिंत घेशील. मी मनाची तयारी केली होती. तुला ते डोळ्यांसमोर नको असेल तर नको, बाहेर ओट्यावर बसून बघू आम्ही. पण तू तर स्वयंपाकघराच्या ओट्यासमोरच खिडकी काढलीस, एवढी रुंद. भाकरी थापता थापता मान वर केली की तोच. धम्मानंद म्हणला, ही खिडकी जागेवर उभं राहून बघितल्याबगर कोणाला सुचणार न्हाई.

मग मी नीट बघायला लागले. समाधीच्या कडेला तू एक बारका गोल काढलायस आणि 'कडुनिंब' लिहिलंस. मनस्विनी, ते रोप अप्पांनी यंदा लावलंय. तू गेलीस तेव्हा तिथं काडीसुद्धा नव्हती. तुला कसं कळलं?

अप्पांना विचारलं, "मनस्विनी आली होती का माळावर?" "हाव." मग म्हणलं जरा खात्री करावी. "आज आमुशा आहे का?" "हाव." "आपल्याला हत्ती घ्यायचाय का?" "हाव." आता या माणसाचं काय करावं, सांग तू.

हे सगळं चांगलं झालं. आता भांडण.

धान्याची खोली कुठं गेली? मी काढली होती, तू लाल करून परत पाठवलीस, तोवर होती. शाईच्या नकाशात नाही. नजरचूक म्हणावं तर तिथं कागद खरवडलेला दिसून राहिलाय. आधी काढलीस आणि मग ब्लेडनं खरवडलीस. उजेडाला धरलं की टेबलसुद्धा दिसतं.

ज्वारी कुठं ठेवू मी? डोक्यावर? आता स्पष्टच लिहिते, इतके दिवस आडून आडून लिहून मला वीट आला. आम्हा दोघांना ज्वारी किती लागते गं? एक डबा पुरतो. ती खोली तुझी होती. टेबल तुझ्या नकाशांसाठी होतं, खिडकी तुझ्या उजेडासाठी होती. तुला यायचं नव्हतं तर तसं लिहायचं होतंस, नाही तर नुसतं सोडून द्यायचं होतंस. खरवडायचं कशाला? त्याच्या खिडकीला एवढी जागा दिलीस आणि स्वतःला चार भिंती दिल्या नाहीस. मला लई राग आलाय. इतक्या दिवसांत पहिल्यांदा काही तरी आलं, ते हे.

नकाशा मी धम्मानंदला दिलेला नाही. खोली आल्याबगर देणार नाही.

शिवम्मा

अहमदपूर
२ नोव्हेंबर २०२५

चि. मनस्विनी,

काल वसंतराव येऊन गेले. तूच पाठवलं असशील. मांडीवर पेढ्यांचा पुडा होता, तो द्यावा की न द्यावा असं त्यांचं चाललं होतं. पहिले पावसाबद्दल बोलले, मग सोयाबीनबद्दल बोलले, मग नांदेडचे रस्ते किती खराब झालेत ते बोलले. तुझे वडील सज्जन माणूस, त्यांना कोणी तरी बोलतं करावं लागतं. मी म्हणलं, "व्याही, काय असंल ते सांगून टाका. वाईट ऐकायची सवय आहे आम्हाला."

तेव्हा म्हणले, "विहीणबाई, मनूला तुम्हाला सांगायची हिंमत होत नाही."

बिलोलीच्या शाळेतले आलोक म्हणून शिक्षक आहेत. त्यांनी लग्नाचं विचारलं. तू नाही म्हणलीस, परत नाही म्हणलीस, मग बरेच दिवस गप्प राहिलीस आणि श्रावणाच्या शेवटी हो म्हणलीस. "तुमचा तो नकाशा तिच्या टेबलावर होता तेव्हा," वसंतराव म्हणले. "ती म्हणाली, बाबा, अव्वांनी माझ्यासाठी खोली काढलीय आणि मी दुसऱ्याच्या घरी जाणार आहे. कोणत्या हातानं ही खोली काढू? आणि बसून ब्लेडनं खरवडत राहिली."

मी उठून चहा ठेवला. साखर टाकली, परत टाकली. वसंतरावांनी तो पाक तसाच पिला.

मला काय वाटलं ते विचारशील तर वाईट वाटलं. खोटं कशाला लिहू? वाटलं, या माणसाला पुड्यासकट जिन्याखाली उतरवून यावं. वाटलं, माझ्या पोराची माती अजून धड बसली नाही. मग तेही वाटायचं बंद झालं आणि मी नुसती कपाच्या कानाकडं बघत राहिले. पावणेदोन वर्षांपासून असंच होऊन राहिलंय, काही वाटायला लागलं की मधेच लाईट गेल्यासारखं होतं. वसंतराव बोलत होते, मला त्यांचे ओठ दिसत होते.

त्यात त्यांनी सांगितलं, की तू उन्हाळ्यापासून माळावर येत होतीस. नांदेडच्या गाडीनं फाट्यावर उतरायचीस, अप्पांपाशी बसायचीस, त्यांच्या डब्यातली भाकरी खायचीस आणि दुपारच्या गाडीनं परत. चर तूच आखून दिलास. अव्वांना सांगू नका म्हणलीस आणि अप्पा म्हणले हाव. म्हणजे ते हाव खरं होतं. आणि मी रोज संध्याकाळी रिकामा डबा धुऊन राहिले होते आणि म्हणून राहिले होते, चला, भूक तरी वाढली यांची!

अप्पा तिथंच बसले होते, भिंतीला टेकून. दिवाळीपासून त्यांना सर्दी आहे म्हणून मी माळावर सोडलं नव्हतं. वसंतराव त्यांच्याकडं वळले, हात जोडले आणि म्हणले, "महादेवप्पा, तुमची परवानगी आहे ना?"

"हाव," अप्पा म्हणले.

वसंतरावांच्या डोळ्यांत पाणीच आलं. मी म्हणलं, "व्याही, त्यांच्या हाववर जाऊ नका. ते सगळ्यालाच म्हणतात. हत्ती घ्यायचा का विचारा, त्यालाही हाव म्हणतील."

आणि मग अप्पा बोलले. म्हणले, "मग दार भायेरनं द्यावं लागंल."

आम्ही दोघं त्यांच्याकडं बघायला लागलो. मला आधी वाटलं तापात बरळून राहिलेत, कपाळाला हात लावून बघितला. ताप नव्हता. मी विचारलं, "कशाचं दार?"

"पोरीच्या खोलीचं. जावई येतील न्हवं का संगं? त्यास्नी आपल्या चुलीपुढनं कशाला जायाला लावायचं? नवा माणूस, अवघडंल. त्या खोलीला भायेरनं दार द्या."

एवढं बोलले आणि परत भिंतीला टेकले. वसंतरावांनी विचारलं, पाणी देऊ का. म्हणले, "हाव."

मनस्विनी, मी त्या खोलीला खिडकी दिली, टेबल दिलं आणि खोली मात्र स्वयंपाकघराला लागून काढली होती. सुनेची खोली अशीच असते. सकाळी डोळे उघडले की समोर ओटा. माझी तशीच होती, माझ्या सासूची तशीच होती, मला दुसरीकडं काढायचं सुचलंच नाही. लेकीची खोली पुढं असते. माहेरी आलेली लेक उशिरा उठते, तिला कोणी हाक मारत नाही, चहा झाकून ठेवतात. आम्हाला लेक नव्हती म्हणून अशी खोली कधी काढावी लागली नाही.

वसंतराव निघाले तेव्हा पुडा तसाच हातात घेऊन जिना उतरायला लागले. मी मागून गेले आणि मागून घेतला. एक पेढा अप्पांना दिला, एक मी खाल्ला. गोड होता, ते कळलं मला.

आलोकरावांना विचार, त्यांना धपाटी चालतात का, आणि तिखट किती. शिवशंकरबद्दल त्यांना सांगितलं असशीलच, पण हेही सांग, की या घरी आल्यावर त्याच्या समोरूनच जावं लागतं. त्याला दुसरी वाट नाही. त्यांना चालणार असेल तर आम्हाला चालेल.

नकाशा सोबत परत पाठवलाय. खोली मी पेन्सिलीनं काढलीय, पुढच्या अंगाला, बैठकीच्या बाजूला. वाकडी आलीय. लाल करू नको, नीट करून दे. दार काढलेलं नाही. उतारावर दार कुठल्या बाजूनं निघेल ते मला जमत नाही, ते तू काढ.

पुढच्या सोमवारी पाया आखायचाय. धम्मानंदला मी फक्कीच्या पिशवीला हात लावू देणार नाही, तसं सांगून ठेवलंय. तू ये आणि तू मार. स्टँडपर्यंत येऊ नको, फाट्यावरच उतर, डबा मी जास्तीचा देईन. आणि या वेळी प्रत्येक चौकोनात नाव लिहायचं, फक्कीनंच, मोठ्या अक्षरात, लांबून येणाऱ्याला वाचता येईल असं. देवघर लिही, न्हाणी लिही. पुढच्या खोलीत धान्य लिहू नको. मनस्विनी लिही.

तुझी
अव्वा